उखाबाबाचा आवाज आणि हिलालचा हात

सुरतेच्या पांडेसऱ्यात हिलालचं दुकान शोधायचं असेल तर पाटीवर विसंबू नये. पाटी त्यानेच एकदा रागात खाली ओढली, ती पुन्हा चढली नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, नुसतं विचारावं, "टीव्हीच्या कानफटात मारणारा कुठं बसतो?" लगेच दोन-तीन बोटं एकाच दिशेला वळतात, आणि एखादा हळूच सांगतो, जरा लांबूनच बोला.

माणूस मूळचा धुळ्याकडचा. सुरतेत आला तो रंगाच्या मिलमध्ये. तिथल्या सुपरवायझरने त्याला गुजरातीत 'गामडिया' म्हटलं, म्हणजे खेडवळ.  हिलालने त्याला कंबरेला धरून उचललं आणि थंड पडलेल्या रंगाच्या टाकीत डोक्याकडून घातलं. तो बिचारा दिवाळीपर्यंत जांभळा फिरत होता, आणि त्याच्या बायकोने म्हणे आरसाच झाकून ठेवला होता. नोकरी गेली हे सांगायला नको. मग हिलाल टीव्ही दुरुस्त करायला शिकला. शिकला कसला, टीव्हीला चापट मारली की चित्र येतं एवढं त्याला कळलं. टीव्ही चपटे झाले, चापटीला बधेनासे झाले, तेव्हा त्याने प्रोजेक्टर आणि पडदा घेतला आणि साखरपुड्यांना, वाढदिवसांना, व्यापाऱ्यांच्या मीटिंगांना भाड्याने द्यायला लागला. चित्र अडकलं तर तो आधी वायर बघायचा, मग आवाजाचं बटण, मग सगळं बंद करून चालू. तेवढ्यानेही नाही झालं तर चापट. चापट कुणाला, ते जवळ कोण उभं आहे त्यावर अवलंबून.

या हातातून त्याचा चुलतभाऊ सुकदेवही सुटला नव्हता. सुकदेव वयाने धाकटा, बोलायला गोड, सुरतेतच भेस्तानला राहणारा, कापडाच्या दलालीत बरा जम बसलेला. भाऊबंदांतल्या एका लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव हिलालच्या वर छापलं गेलं. आता छापणाऱ्याची चूक की सुकदेवची चलाखी, यावर दोन्ही घरच्या बाया अजून बोटं मोडतात. हिलालने मात्र हळदीच्या मांडवातच सुकदेवचा कोपर उलटा वाकवला. हाड मोडल्याचा आवाज बँडच्या आवाजात ऐकू आला म्हणतात. बँडवाले थांबले एवढं खरं.

त्या दिवशी रोट फुटला. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. श्रावणात घरी कानबाई, म्हणजे आमची कुलदेवी, बसते तेव्हा सगळ्या भाऊबंदांचे गहू एकत्र दळले जातात, आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच मिळून खायचे असतात. भाऊबंदकीत उभा दावा पडला की रोट वेगळा होतो. हिलालचा असा वेगळा झाला की त्याच्या बाजूला कुणीच उरलं नाही. सुभद्राबाई, म्हणजे त्याची बायको, दर श्रावणात दोघांपुरते रोट लाटायची, आणि ते दोघं टीव्ही लावून, भिंतीकडे तोंड करून खायचे. कुठलाही भाऊबंद त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाणी प्यायला आला नव्हता. सुभद्राबाई यावर एक शब्द बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणून हिलालला जास्त लागायचं.

मग उखाबाबा वारला. भाऊबंदांत सगळ्यांत वडील, गावाकडे राहायचा, पोटी मूल नाही. कानबाई पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरी बसायची. आता गावात उरलं कोण? सगळे सुरतेत. तेव्हा देवी सुरतेत आणायची हे ठरलं, पण कुणाच्या घरी? हक्काने दोनच घरं लागत होती, हिलालचं आणि सुकदेवचं. ज्याच्या घरी कानबाई, त्याच्या घरी सगळी भाऊबंदकी जेवायला. हिलालला मानाचं एवढं नव्हतं. त्याला आपल्या दारात चपलांचा ढीग बघायचा होता.

उखाबाबाने मरायच्या आधी आपलं म्हणणं मोबाइलमध्ये बोलून ठेवलं होतं. चित्रीकरण केलं पल्लवीने, सुकदेवच्या मुलीने. म्हाताऱ्याने तिला कानबाईची आण घातली, की सगळे एका जागी जमल्याशिवाय अक्षर फोडायचं नाही. पोरगी साडीच्या ऑफिसात स्लाइडी बनवायचं काम करते, पण तोंडाची एवढी पक्की, की सख्ख्या बापाने खोदून-खोदून विचारलं तरी तिने दाद दिली नाही.

कानबाईच्या आधीच्या रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक बसली. पडदा आणि प्रोजेक्टर हिलालचा, कारण त्याच्याशिवाय फुकट कोण देणार? उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांवर मिलमधले काळे तागे बांधले. निघताना सुभद्राबाईने एवढंच सांगितलं होतं, की आज हात खिशात ठेवा. हिलालने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि वायरी जोडायला तेवढे बाहेर काढले.

पल्लवीने स्लाइडी मोठ्या हौसेने केल्या होत्या. आधी उखाबाबाचा हार घातलेला फोटो, मग एकेका भाऊबंदाचा. एकही सुटून चालत नाही, सुटला तर तीन पिढ्या रुसतात. फेटेवाले, गॉगलवाले, एकजण तर ट्रॅक्टरवर बसलेला. प्रत्येक फोटोला टाळ्या पडत होत्या. शेवटच्या स्लाइडीवर उखाबाबाचा व्हिडिओ यायचा, तिथे आला काळा चौकोन, आणि खाली इंग्रजीत काहीतरी, की फाइल सापडत नाही.

हिलालला चूक लगेच कळली. पोरीने व्हिडिओ स्लाइडीत आत घातलाच नव्हता, नुसता जोडला होता. फोटोंनी फाइल फुगली म्हणून पेनड्राइव्हमध्ये एकट्या स्लाइडी आल्या, आणि उखाबाबा राहिला ऑफिसच्या कॉम्प्युटरात. सगळ्यांचे फेटे आले, ज्याच्यासाठी बैठक तोच मागे. नशीब की मूळ व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये होता. तो वायरीने लॅपटॉपवर घेतला आणि स्लाइडीत पुन्हा टाकला. या वेळी आत, नीट. थांबवेपर्यंत फिरत राहील असंही केलं, म्हणजे मागून येणारे चुकायला नकोत.

पडद्यावर उखाबाबा आला. खाटेवर बसलेला, डोक्याला टोपी, तोंडात एकही दात नाही.  म्हाताऱ्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एक बोट वर केलं. मग हात उगारला, जसा मारायला उगारतात तसा, आणि नकाराने मान हलवली.

आवाज काही नाही.

आता बोळक्या तोंडाचे ओठ वाचायचे म्हणजे पाण्यावरचं लिखाण वाचणं. पण भाऊबंदकीत सगळ्यांना वाचता येतं. पुढच्या रांगेतल्या छगनने छातीठोक सांगितलं, की बाबा 'सुकदेव' म्हणाला, ओठ पुढे आले होते. छगनशी जुनं वाकडं असलेला काशिनाथ म्हणाला, ओठ मागे गेले, ते 'हिलाल'. त्या उगारलेल्या हातावर तर कहरच झाला. छगनच्या मते त्याचा अर्थ, मारकुट्याला देवी देऊ नका. काशिनाथच्या मते अर्थ असा, की ज्याच्या हातात जोर आहे त्याला द्या. व्हिडिओ फिरून पुन्हा सुरू व्हायचा, म्हातारा पुन्हा मुक्याने बोलायचा, आणि ज्याला त्याला हवं तेच नाव दिसायचं. तिसऱ्या खेपेला छगनने काशिनाथची आई काढली आणि काशिनाथने छगनची टोपी.

हिलाल हॉलच्या मागे, टेबलापाशी होता. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे. पल्लवी त्याच्या शेजारी, चेहरा पांढराफटक. ती हळूच म्हणाली, "आप्पा, काही झालं तरी हात नका उचलू. पाया पडते तुमच्या."

हिलालला वाटलं, पोरीला लॅपटॉपची काळजी. त्याने हात खिशात आणखी खोल घातले आणि वाकून आवाजाचं चिन्ह बघितलं. आवाज पूर्ण वर होता. मोठा स्पीकर लॅपटॉपलाच जोडलेला, दिवा लागलेला. मग उखाबाबा जातोय कुठे? तो विचार करतोय तोच सुकदेव मागे आला. गोड बोलणारा माणूस, पण त्या दिवशी गोडी संपली होती. मशीन तुझं, आवाज तुझ्या हातात, माझं नाव येतंय म्हणून तू गळा दाबलास म्हाताऱ्याचा, असं तो दात आवळून म्हणाला. हिलालने खाली बघतच सांगितलं, की थांब जरा, आवाज प्रोजेक्टरच्या वायरीतून चाललाय बहुतेक, मला बघू दे.

आणि तेवढ्यात त्याच्या कानशिलावर ठोसा बसला.

पुढे जे झालं ते रागाने नाही, सवयीने झालं. हात खिशातून कधी निघाले ते हिलाललाही कळलं नाही. पहिल्या ठोशाला सुकदेवचा ओठ फाटला, दुसऱ्याला दात गेला. सुकदेवने प्लास्टिकची खुर्ची उचलून हिलालच्या डोक्यात घातली, तिचा पाय तुटून भुवईत घुसला. आवाज ऐकून सगळे वळले, आणि नुसतं बघत काय बसायचं म्हणून सगळेच धावले. छगनने काशिनाथला पडद्याच्या लोखंडी स्टँडवर आपटलं. काशिनाथने उठून तेच स्टँड छगनच्या गुडघ्यावर हाणलं. पडदा तिरका झाला, त्यावर रक्ताची एक पिचकारी उडाली, बरोबर उखाबाबाच्या टोपीवर. बायांनी एकमेकींचे अंबाडे धरले. एक बांगडी फुटून कुणाच्या तळव्यात गेली. पल्लवी मध्ये शिरली तर तिला कुणाचा तरी कोपर लागून तिचं नाक फुटलं. हिलाल आणि सुकदेव जमिनीवर आले. सुकदेवने हिलालचा अंगठा दाताखाली धरला, हिलालने त्याचं डोकं फरशीवर आपटलं, एकदा, आणि पुन्हा आपटायला केस धरले. लोळता लोळता दोघांचे पाय टेबलाखालच्या वायरीत अडकले आणि प्रोजेक्टरची वायर उपसून आली.

पडदा काळा झाला. वायर निघाल्याबरोबर आवाजाने आपली वाट बदलली, आणि त्या मोठ्या स्पीकरमधून, अंधारात, उखाबाबा गरजला.

"माले ठाऊक शे, मी मरावर तुम्ही भांडशात. म्हनीसन आयका. जो दुसरावर पहिले हात उचली, त्याना घर कानबाई येवाव नही. बस, एवढंच."

कुणाची मूठ कुणाच्या गळ्याशी थांबली, कुणाचा हात कुणाच्या केसांत. व्हिडिओ फिरून पुन्हा लागला आणि म्हाताऱ्याने तेच पुन्हा सांगितलं, की पहिला हात उचलणाऱ्याच्या घरी देवी येणार नाही. पल्लवी नाकाला ओढणी लावून भिंतीला टेकली होती. आणेने बांधलेलं तोंड आता सुटलं होतं, पण सांगायला काही उरलं नव्हतं.

कुणीतरी खिडकीवरचा तागा ओढला. उजेड आला तशी सगळ्यांची तोंडं हिलालकडे वळली. विचारायची गरजच काय? टाकीत माणूस कुणी बुडवला, कोपर कुणी मोडला? छगन मोडक्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, की चला, निकाल लागला, देवी भेस्तानला. काशिनाथनेही मान खाली घातली.

 पहिला ठोसा आपण मारला नाही, हे हिलालला ठाऊक होतं. बघणारी एकटी पल्लवी, ती बापाचं नाव कसं घेणार, आणि बाकी कुणाला पटणार नाही, हेही ठाऊक होतं. त्याने समोर बघितलं. सुभद्राबाई कोपऱ्यात उभी होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि ते त्याला खुर्चीच्या घावापेक्षा झोंबलं. तो भुवईचं रक्त बाहीने पुसत खाली बसला आणि वायरी गुंडाळायला लागला.

सुकदेव भिंतीला धरून उठला. त्याने तळहातावर एक दात थुंकला, त्याच्याकडे बघितलं. मग पोरीच्या नाकाकडे बघितलं. त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली ती सगळ्यांनी बघितली.

"पहिले मीच मारं," तो म्हणाला.

छगनला वाटलं, डोक्याला मार लागलाय. पण सुकदेवने बाही सोडवून घेतली आणि हिलालकडे बोट केलं. "खोटं नही सांगत. जनमभर हाऊच पहिले मारत उना. एकदाव तरी माले पहिले मारानं व्हतं."

पहिली हसली ती सुभद्राबाई. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत. मग बाकीचे. फुटक्या ओठांना हसणं परवडत नव्हतं तरी हसले.

कानबाई हिलालच्या घरी बसली. चपलांचा ढीग एवढा झाला की शेजारच्या दारापर्यंत गेला आणि शेजारणीशी सुभद्राबाईचं भांडण झालं, तेही तिने आनंदाने केलं. सुकदेवला रोट चावेना, म्हणून हिलालने तो खिरीत कुस्करून दिला. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने कुस्करताना तो काय पुटपुटत होता, ते देवीसमोर ऐकण्यासारखं नव्हतं.

पण खरी गंमत त्यानंतरची. सुकदेव दर आठवड्याला भेस्तानहून पांडेसऱ्यात येतो, त्या चहाच्या लारीवर बसतो आणि भेटेल त्याला सांगतो, की हिलालला मी मारलं, पहिला मी. सुरुवातीला तो साधा ठोसा होता. गणपतीपर्यंत हिलाल त्याने टेबलावर आडवा पडला होता. आता दसऱ्याला म्हणे हिलाल जमिनीपासून वर उचलला गेला आणि पंख्याला लागता लागता राहिला. हिलाल शेजारीच बाकड्यावर असतो. हे खोटं आहे म्हणावं, तर पहिला ठोसा कुणाचा हा वाद पुन्हा निघायचा, आणि देवी जायची. म्हणून तो बशीतला चहा फुंकतो, दोन्ही हातांनी बशी घट्ट धरतो, आणि विचारणाऱ्याकडे बघून मान डोलावतो, की हो, लागता लागता राहिलो.