आपोलोनियाचा मधला

झाबिन गावात कुणाला पत्ता सांगायचा झाला की लोक 'करकोच्यांच्या खांबापासून डावीकडे' असं सांगतात. तो खांब आपोलोनियाच्या अंगणात आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वसंतात तिच्या नवऱ्यानं, हेन्रिकनं, तो उभा केला आणि वर घोडागाडीचं एक जुनं चाक आडवं ठोकलं. त्याच वर्षी करकोच्यांच्या एका जोडीनं त्यावर काटक्या रचल्या. पुढे हेन्रिक गेला. मुलगी बेआता नोकरीसाठी बेल्जियमला जाऊन तिथलीच झाली. गावचं दूध संकलन केंद्र बंद पडलं आणि उभा जन्म तिथे दुधाची फॅट तपासण्यात घालवलेली आपोलोनिया घरी बसली. करकोचे तेवढे दर मार्च सरताना न चुकता येत राहिले.

मग जिल्ह्याच्या गावातल्या पक्षीमित्र मंडळानं घरट्याशेजारी इंटरनेटला जोडलेला कॅमेरा बसवला, आणि आपल्याच डोक्यावर काय चाललंय ते आपोलोनियाला स्वयंपाकघरात बसून टॅबलेटवर दिसू लागलं. शेजारचा झेनोन चिडवायचा, "पोला, दार उघडून मान वर केलीस तर फुकटात दिसेल की." पण खालून काय दिसतं? चोचींची टोकं. वरून अंडी दिसायची, अंड्यांवर बसलेल्या मादीनं थकून मिटलेला डोळा दिसायचा. चित्राच्या एका कोपऱ्यात दारापुढचं अंगण, स्वयंपाकघराची खिडकी, विहीर आणि कुंपणाचा तुकडाही यायचा. बेआता दुपारच्या सुट्टीत ऑफिसातून कॅमेरा बघते हे आपोलोनियाला ठाऊक होतं. म्हणून ती पाणी आणायला बरोबर दुपारीच निघायची आणि निघताना धुतलेला रुमाल डोक्याला बांधायची. याबद्दल मायलेकी एकमेकींशी अवाक्षर बोलत नसत.

त्या वर्षी एप्रिलमध्ये नरानं कुंपणावरून निळ्या नायलॉनच्या सुतळीचा एक झुपका उचलला. आपोलोनियाच्या दोन गाई होत्या. त्यांच्यासाठी गवताचे गठ्ठे सोडताना कापलेली सुतळी ती कुंपणाच्या खिळ्याला अडकवून ठेवायची. त्यानं तो झुपका नेऊन घरट्यात अंथरला तर कॅमेरा बघणाऱ्या जगभरच्या लोकांना कोण आनंद झाला. बाळासाठी निळी दुलई आली, मुलगाच होणार, असं काय काय ते लिहीत बसले. आपोलोनियाचीही कळी खुलली. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी सुतळी मऊ पिंजून, बेताच्या लांबीची कापून कुंपणावर मांडली. लेक बाळंतपणाला आली की आई दुपटी घडी करून ठेवते ना, तशी. नरानं तीही नेली.

तीन पिल्लं झाली. थोरलं आणि धाकटं उभं राहू लागलं तरी मधलं बसूनच. जर्मनीतल्या कुणा बाईनं चित्र मोठं करून दाखवलं: त्याच्या डाव्या पायाला निळं काहीतरी गुंडाळलं होतं. आपोलोनियाला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तिनं पक्षीमित्र मंडळाच्या मार्झेनाला फोन केला आणि सांगून टाकलं, की ती सुतळी त्याला मी दिली.

मार्झेना पस्तिशीची, सडपातळ, तुटक बोलणारी. ती म्हणाली की अग्निशमनवाल्यांची शिडीची गाडी मिळवायला हवी, आणि तीही लवकर. करकोच्याची पिल्लं लहान असतात तोवर माणूस वर आला की मेल्याचं सोंग घेऊन निपचित पडतात. थोडी मोठी झाली की भिऊन घरट्याबाहेर उड्या टाकतात आणि मरतात. गाडी आज येते, उद्या येते असं होत राहिलं. आपोलोनियानं टॅबलेट दुधाच्या भांड्याला टेकवून ठेवला. ती बटाटे सोलायची तीही त्याच्यासमोर बसून, आणि सोललेले बटाटे तसेच पाण्यात काळे पडायचे. मधल्याचा पाय सुजत गेला. खायला आलं की भावंडं त्याच्या अंगावरून चालत जात.

अखेर गाडी आली. मार्झेना शिडीवरून वर पोचली आणि तिन्ही पिल्लं मान टाकून आडवी झाली. कॅमेऱ्यासमोरच्या लोकांना वाटलं, मेलीच. आपोलोनिया खाली शिडीचा पाय धरून उभी होती, जणू ती सोडली तर सगळं खाली येईल. मार्झेनानं सुतळी कापली, जखमेत औषध भरलं, उजव्या पायात नंबराची कडी अडकवली आणि ती उतरली.

"जगेल?" आपोलोनियानं विचारलं.

"जगेल काकू. पाय वाकडा राहील, पण उभा राहील. फक्त त्याला उडायला उशीर होईल." मार्झेना हातमोजे काढत म्हणाली, "आणि उशीर म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको."

खरंच नको होतं. ऑगस्टमधल्या मेरीमातेच्या सणाला बाया रानफुलांच्या जुड्या घेऊन चर्चमध्ये जातात, तेव्हा नदीकाठच्या कुरणात करकोच्यांची सभा भरते. आणखी थोड्या दिवसांनी एका सकाळी सगळे उबेसाठी दक्षिणेला निघून गेलेले असतात आणि कुरण रिकामं दिसतं. मधल्याची आई गेली, थोरला-धाकटा गेले, शेवटी बाप गेला. मधला घरट्याच्या काठावर उभा राहून पंख हलवत राहिला. उडाला तो चार दिवसांनी. खांबावरून विहिरीपर्यंत.

त्याला माशांचे तुकडे घातले ते आपोलोनियानंच. एकदा, दोनदा, मग रोज. कॅमेऱ्यात ते दिसलं आणि मार्झेना गाडी काढून थेट दारात येऊन उभी राहिली.

तिनं बसून समजावलं. आपोलोनियानं पुढे केलेला बीटाचा रस्सा तिनं खाल्लाही, पण आवाज काही सैल सोडला नाही. पहिल्या खेपेच्या पिल्लाला वाट ठाऊक नसते. ते जाणत्यांच्या मागे जातं. एकटं निघालं तर नाकासमोर जात समुद्रावर पोचतं, तिथे वर उचलणारी गरम हवा नसते, आणि ते दमून पाण्यात पडतं. उत्तरेकडून येणारे शेवटचे थवे अजून जायचे आहेत, त्यांतल्या एखाद्याबरोबर तो गेला तरच काही आशा. पण पोट भरलं असेल तर तो आभाळाकडे बघणारच नाही. थंडीपर्यंत राहिला तर त्याला पकडून जखमी पक्ष्यांच्या जाळीघरात न्यावं लागेल, आणि तिथून तो पुन्हा कधी उडायचा नाही.

"म्हणजे त्याला उपाशी ठेवू?" आपोलोनियानं विचारलं.

"कुरणात टोळ आहेत, बेडूक आहेत. पाय दुखतो म्हणून तो जात नाही, आणि जात नाही कारण तुम्ही आहात. काकू, त्याला तुम्ही दिसू नका."

दिसू नका म्हणणं सोपं. तो अंगणात, ती घरात. तिनं स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला तर तो येऊन काचेवर चोच आपटायला लागला. ठक, ठक. थोडा थांबे, मग पुन्हा ठक. ती गोठ्यात मागच्या दारानं जाऊ लागली. दुपारचं विहिरीवर जाणं तिनं बंद केलं, पाणी झेनोनकडून आणलं. झेनोन म्हणाला, कशाला हा छळ, गोठ्यात घाल त्याला, माझ्या आजोबांनी असाच एक हिवाळाभर कोंबड्यांत सांभाळला होता. पुढे त्याचं काय झालं, असं आपोलोनियानं विचारलं. झेनोननं टोपी मागे सरकवली. "काय व्हायचंय? कोंबड्यांत राहिला."

कॅमेरा बघणाऱ्यांनी तर तिला सोलूनच काढलं. खिडकीखाली लेकरू भुकेनं मरतंय आणि ही बया पडदा लावून बसलीये. हिनंच सुतळी घातली होती ना? ती सगळं वाचायची. शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून तिला बाकीचीही खरी वाटायची. मधल्याच्या छातीचं हाड दिसायला लागलं होतं. तो थोडं कुरणात जायचा, लंगडत परत यायचा आणि काच ठोठावायचा. तिच्या हातात माशाचा तुकडा असे, ती पडद्याआड उभी असे, आणि तो तुकडा शेवटी मांजरीच्या पुढ्यात पडे.

सप्टेंबर लागला. करकोचे कुठे दिसले ते लोक मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर कळवत असत. आपोलोनिया दिवसभर तेवढंच उघडून बसे. कळवणारे कमी कमी होत गेले आणि मग तीन दिवस कुणीच काही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या तळ्यांच्या भागातून एकानं लिहिलं: उशिराचा थवा, दक्षिणेला निघालाय.

ती दारात जाऊन उभी राहिली. ऊन वर आलं, कुरणावरचं धुकं विरलं आणि नदीपलीकडे ते दिसले. काळ्या ठिपक्यांचं एक भिंगरीसारखं वेटोळं, पंख न हलवता वर वर चढणारं. मधला विहिरीच्या काठावर उभा होता. दार उघडलेलं बघून तो तिच्याकडे चालत आला. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

आपोलोनियानं खराटा उचलला आणि त्याच्या पाठीत घातला.

तो भेलकांडला. त्याला कळेचना. तिनं पुन्हा मारला. हेन्रिक पिऊन यायचा तेव्हाही कधी तोंडातून काढल्या नव्हत्या अशा शिव्या तिच्या तोंडून निघाल्या. तो उडून गोठ्याच्या छपरावर बसला तशी तिनं गाईंसाठी ठेवलेली बीटं उचलली आणि भिरकावायला सुरुवात केली. आवाज ऐकून झेनोन फाटकाशी आला आणि क्रूसाची खूण करून तिथेच थिजला. "बघत काय बसलास, डबा बडव!" ती ओरडली. झेनोननं दुधाचा रिकामा कॅन उचलला आणि झाकणानं बडवायला लागला. तिचा पाय घसरला, ती गुडघ्यावर पडली आणि पडल्या पडल्या तिनं एक बीट फेकलं. ते त्याच्या पंखाला लागलं.

तो उठला. खाली, छपराच्या उंचीनं, कुरणावर गेला. तिथे कुठेतरी गरम हवेनं त्याला हात दिला असावा. वाकडेतिकडे घेत तो वर चढला आणि वेटोळं निघून जाताना त्याच्या बऱ्याच मागून दक्षिणेला गेला.

हे सगळं कॅमेऱ्यानं दाखवलं. एक म्हातारी लंगड्या पक्ष्याला मारतेय, एवढंच त्यात होतं. फोन पहिला आला तो बेआताचा. आपोलोनिया बोलणी खायला तयार होऊन बसली, पण मुलीनं एवढंच विचारलं, "आई, गुडघ्याला लागलं का गं?"

लोकांनी काय काय लिहिलं ते या खेपेला तिनं वाचलं नाही. तिला फक्त कुणाला काय दिसलं ते हवं होतं. संध्याकाळी दक्षिणेच्या एका गावातून खबर आली: चर्चवरून करकोचे गेले, एक फार मागे होता. दुसऱ्या दिवशी त्याहून खालच्या शहरातून आली: थवा दिसला. मागे कुणी होता का, ते लिहिणाऱ्यानं लिहिलं नव्हतं. तिसऱ्या सकाळी सीमेवरच्या डोंगरांच्या पायथ्याच्या लुद्विक नावाच्या शेतकऱ्यानं कळवलं, की कालपासून आमच्या कुरणात करकोचे उतरलेत. आपोलोनियानं मार्झेनाच्या मागे लागून त्याचा नंबर मिळवला.

"तुमच्या कुरणात करकोचे आहेत ना?"

"आहेत. का, तुमचे आहेत?"

"एक आहे."

लुद्विक म्हणाला की आजी, मी बटाटे काढतोय, ढग जमलेत. तिनं इतक्यांदा विनवलं की तो फोन हातात धरूनच कुरणाकडे निघाला. ओल्या गवतात त्याचे बूट पचपचत होते. बरेच आहेत म्हणाला. तिनं विचारलं, कुणी बाजूला एकटा आहे का. आहे एक. त्याचा डावा पाय बघा. तो थोडा पुढे गेला. "वाकडा आहे," म्हणाला.

आपोलोनिया खुर्चीत बसली आणि लगेच उभी राहिली, कारण पलीकडून पंखांचा मोठा फडफडाट ऐकू आला.

"उठले बघा," लुद्विक म्हणाला. "मला बघून उठले."

"सगळे?"

"नाही. तुमचा माझ्याकडे चालत येतोय. भूक लागलेली दिसतेय बिचाऱ्याला. खिशात पाव आहे माझ्या, टाकू का?"

"नको," आपोलोनिया म्हणाली. "लुद्विक, त्याला मारा."

"काय?"

"हाताला लागेल ते घ्या आणि मारा. ते डोंगराआड गेले की त्याला कुणी नाही."

"आजी, करकोच्याला मारलं तर घराला आग लागते. आमच्याकडे नाही कुणी असलं करत."

"आमच्याकडेही नाही करत. लागली तर माझ्या घराला लागेल, मी घेतलं माझ्यावर. मारा हो. ते लांब जातायत."

पलीकडे कापडाची खसखस झाली. त्यानं फोन खिशात टाकला असावा. मग एका पुरुषाचा घोगरा, लाजरा आवाज 'हो, हो' असं ओरडला, मग मोठ्यानं ओरडला, आणि पाणथळ गवतातून बूट पळायला लागले. आपोलोनियानं टेबलाची कड घट्ट धरली आणि त्या पळण्याच्या आवाजात ती पंख उघडल्याचा आवाज शोधत राहिली.