माझे सोमवार

आमच्या सासूबाई कुणाशी बोलायला लागल्या की आधी त्याचा हात हातात घ्यायच्या. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात जन्म गेलेला. स्वतःचे तळवे मिठाने भेगाळलेले, म्हणून दुसऱ्याच्याही हाताकडे लक्ष. दुपारची जेवणं झाली की खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसायच्या आणि जो सापडेल त्याचे हात चोळायच्या. "हात बगितला का मानूस कलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी त्या घरात आले. त्याआधी जाडी म्हणून मला नकार आले होते. तेव्हापासून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास धरलेले. उपास नसेल त्या दिवशी जेवून परसात जायची आणि घशात बोटं घालायची. घरचे मला देवभोळी समजायचे. मला मात्र यातच आपण मरू अशी भीती वाटायची आणि थांबताही येत नव्हतं.

सासूबाईंनी माझे हात चोळायला घेतले तेव्हा ते ऐन उन्हाळ्यात गार होते. नखं निळसर, कोपरापर्यंत बारीक लव, उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर दात लागून पडलेले घट्टे. तेलानेही ते जाईनात. भांडी घासून झालेत, असं मी सांगितलं. त्यांनी डावा हात उलटून पाहिला. तो साफ होता. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुजे समदे उपास आजपासून माजे. देवाला मी सांगते. तू जेवाचं."

आमच्याकडे सासू थकली की आपलं व्रत सुनेला सोपवते. इथे उलटंच झालं. आणि ही बाई तर सुके बोंबील भाजले की एक भाकरी जास्त खाणारी! पहिल्या सोमवारी त्यांनी चिडचिड करून घर डोक्यावर घेतलं, पण उपास मोडला नाही. माझं जेवण झालं की उजवा हात मांडीवर ओढून घ्यायच्या आणि तेल चोळत, गावभरच्या गप्पा मारत, अन्न जिरेपर्यंत सोडायच्या नाहीत. कधी मी हात हिसडून निघून जायचेही. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन पुन्हा हजर. असं वर्ष गेलं. घट्टे गेले, लव विरळ झाली, हातांना ऊब आली. मी सुखाने जेवायला लागले.

बऱ्याच वर्षांनी, शेवटच्या दुखण्यात त्यांना पेजही उतरेना. मी म्हटलं, आता माझे उपास मला परत द्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"नाय देत. ते मी संगं नेते."

त्यांचं बारावं सोमवारी आलं. वाढता वाढता शेजारीण माझ्या पानापाशी थांबली. सासूचे सोमवार आता तुझ्याकडेच आले असतील, तुला फराळाचं आणते, म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "मला भात वाढ."