रस्त्यावरची संत्री

संत्र्याची साल सोलली की त्या वासानं मला देवळी गावातला एक सत्कार आठवतो. वीसेक वर्षांपूर्वी तिथला एक कापडदुकानदार बायकोसह स्पेन पाहून आला आणि एवढ्या पराक्रमावर त्याला शाल-श्रीफळ मिळालं. कडक इस्त्रीच्या सफारीत, झेंडूच्या हारातून मान बाहेर काढत तो सांगत होता, "तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याची झाडं हायेत. कुंपण नाई, राखणदार नाई, तरी एकही माणूस हात लावत नाई. याले म्हणतात संस्कार. आपल्या इथं एक तरी फळ राह्यलं असतं का?" मंडपातल्या माना खाली गेल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्याची बायको म्हणाली, "मी तोडलं होतं एक. कडूजहर निंगालं." व्याख्यान तिथंच अडलं. "मंग मले तवाच काऊन नाई सांगतलं?" त्यानं माइकवरूनच विचारलं. "तुम्ही हे भाषण लिहून राह्यले होते ना." मंडप हसून लोळला. क्षणभर तो गोरामोरा झाला, मग सगळ्यांहून मोठ्यानं हसला, खाली उतरला आणि आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली. त्यानंतर मी पुष्कळ प्रवासवर्णनं वाचली. पण दर वेळी वाटतं, लेखकाच्या बायकोलाही एकदा विचारायला हवं होतं.