मेलेल्या भेंडीचा सत्कार

बोरिवलीच्या खाडीपलीकडे एका जुन्या गावठाणात मावशींची भाजीची वाडी आहे. मावशी कॅथलिक, सत्तरीच्या, बोलायला फटकळ. मी कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागात शिकवायचे. संशोधन शेतकऱ्यांपर्यंत न्यायचं आणि त्यांच्या अडचणी विद्यापीठात आणायच्या, हे आमचं काम.

तीन वर्षांपूर्वी मावशींच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं. खारं पाणी सोसणारं म्हणून भेंडीचं एक नवं वाण मी त्यांच्याकडे लावून बघितलं. रोपं वीतभर झाली आणि पानं कडांनी करपत गेली. एकही भेंडी तोडायला मिळाली नाही. मी अहवालात तसंच लिहिलं आणि विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या तपासणीला पाठवल्या. उत्तर आलं नाही. दोनदा विचारलं, मग परीक्षा आल्या आणि राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागप्रमुखांनी अंधेरीच्या एका हॉटेलात कार्यशाळा ठेवली. विषय, 'विस्तार शिक्षणातील नेतृत्व'. सर मला म्हणाले, "तुमच्या त्या मावशींना आणा, सत्कार करू." मला बरंच वाटलं. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या.

पडद्यावर त्यांच्या वाडीचा फोटो आला. हिरवीगार रोपं आणि खाली 'यशोगाथा'. फोटो मीच काढलेला, लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यातला. शाल झाली, नारळ झाला. सरांनी माइक पुढे केला. "विद्यापीठाबद्दल दोन शब्द बोला, मावशी."

मावशींनी पडद्याकडे बघितलं. "ही भेंडी मेली ना रे बाबा. सगळी मेली. पानी खारा झाला."

हशा पिकला. सरांनी माइक काढून घेतला. "बघा, मावशी किती विनोदी आहेत!" त्यावर टाळ्या.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "सर, त्या विनोद करत नाहीयेत. भेंडी खरंच मेली. माझ्या अहवालात आहे. माइक त्यांना द्या."

"मॅडम, चहाला बोलू."

चहाला सर समोसा खात हळूच म्हणाले, "नेत्याने चांगलं चित्र समोर ठेवायचं असतं. मेलेली भेंडी दाखवून पुढचा प्रकल्प कोण देईल?"

"पण प्रकल्प आहे कोणासाठी?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

बाहेर मावशी मांडीवर शाल घेऊन एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्याशी बोलायला एवढ्या विद्वानांपैकी एकही फिरकला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत गेले. कोपऱ्यातल्या कपाटात माझ्या दोन्ही बाटल्या तशाच होत्या, सीलसुद्धा न तुटलेलं. तिथला सहायक म्हणाला, "मॅडम, वरून निरोप होता, सध्या थांबा." बाई तिकडे विहिरीवर वाट बघत बसलीय आणि इकडे तिचं पाणी कपाटात! मी मूळ अहवाल जोडून थेट कुलगुरूंना पत्र लिहिलं. पत्राला उत्तर नाही, पण माझी बदली झाली परीक्षा विभागात. कारण, प्रशासकीय सोय.

मग मीच मावशींच्या विहिरीचं ताजं पाणी भरून आणलं. एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या प्रयोगशाळेत तपासून दिलं. भेंडीला सोसणार नाही इतकं मीठ निघालं. तपासणीचा कागद घेऊन मी मावशींकडे गेले, सरांबद्दल तावातावाने सांगत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं.

"तो साहेब मना कोन ठाव नाय, बाय," त्या म्हणाल्या. "मी तुला ओळखते. तीन वरसं मी त्याच पान्यात भाजी लावतेय. एक फोन करायचा होतास."

इतके दिवस मी ज्यांच्यावर चिडत होते, त्यांच्यात मला माझं नाव घालावं लागलं.

"आता काय लावू ते सांग," मावशी म्हणाल्या.

बीट आणि पालक, त्यांना खारं पाणी सोसतं, मी सांगितलं. बीट आलं, लहान पण आलं. आता शनिवारी मी शेजारच्या विहिरींचं पाणीही भरून आणते. माझ्या हुद्द्यात हे काम बसत नाही. ज्यांच्या हुद्द्यात बसतं, ते सर आता संचालक झालेत.