विलासने सोडलेला तास

विलास गेल्याचं मला त्याच्या आईने कळवलं. शाळा सुटायला शेवटचा तास उरला होता, मुलं सुस्तावलेली होती आणि मी सातवीच्या वर्गात फळा पुसत होते. फोनवर काकींचं, म्हणजे विलासच्या आईचं, नाव दिसलं तेव्हाच काहीतरी वाईट घडल्याचं कळलं, कारण काकींना नंबर लावता येत नाही. शेजारची कुणीतरी लावून देते, तेही अगदीच अडलं तर. "बाय गो, विलास उठणा नाय," एवढंच त्या म्हणाल्या. जेवून जरा पडला होता, चहाला हाक मारली तर... पुढचं शेजारणीने सांगितलं. डॉक्टर येऊन गेले होते. मी खडू तसाच हातात धरून वर्गाबाहेर आले. वरांड्याच्या टोकाला आमच्या शाळेची पाण्याची टाकी आहे, आणि टाकीला लागून दोन पायऱ्या. तिथेच जाऊन बसले. विलासही एकदा तिथे असाच बसला होता, पण ते नंतर सांगते.

आम्ही दोघं विक्रोळीच्या एकाच चाळीत वाढलो. त्यांचं घर मालवणकडचं. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुठेकुठे वॉचमनगिरी केली. आमचं मूळ गाव अकोल्याकडे, आणि आजोबांनी तरुणपणीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. चाळीत कोण कुठल्या देवाचं हे सगळ्यांना माहीत असे आणि भांडण फक्त पाण्यावरून होई. विलास माझ्या वर्गात. गोष्टी सांगण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाहिलेला सिनेमा तो असा सांगायचा की नंतर खरा सिनेमा बघताना आम्हाला तो फिका वाटे. पुढे तो एका कंपनीत फिटर झाला, मी डीएड करून महापालिकेच्या शाळेत लागले, लग्न होऊन मुलुंडला गेले. त्याचंही लग्न झालं. पण वडील वारले त्या सुमारास त्याला दारू लागली, आणि ती इतकी वाढली की बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. काकी दोनदा त्याला रस्त्यावरून उचलून घरी घेऊन आल्या आहेत... सत्तरीच्या जवळ आलेली बाई, एकटी.

त्याची दारू सुटली ती एका ख्रिस्ती प्रार्थना मंडळीत. कंपनीतलाच कुणीतरी त्याला तिथे घेऊन गेला. तिथली माणसं महिनोन्‌महिने त्याच्या मागे राहिली, तो पडला की उचलायची, रात्रीअपरात्री फोन घ्यायची. वर्षभराने त्याने बाप्तिस्मा घेतला. हे सांगायला तो मुलुंडला माझ्या घरी आला, तेव्हा जरा घाबरलेलाच होता. "तुला राग आला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "येड्या, ज्या घरात आजोबांनी धर्म बदलला त्या घरातली पोरगी मी. मला कशाला राग येईल? तू माणसात आलास, बस झालं." तो हसला. बऱ्याच वर्षांनी तो तसा हसताना मी पाहत होते.

आमच्या शाळेत तो आला तो पंखे दुरुस्त करायला. कंपनीला शनिवारी सुट्टी असे. मीच एकदा म्हटलं होतं की आमचे पंखे नुसते आवाज करतात, वारा देत नाहीत. त्याने पंखे केले, बाकांच्या मोडक्या फळ्या बसवल्या, नळ गळायचे थांबवले. मुख्याध्यापक खूश. मग एका शनिवारी एक शिक्षिका रजेवर होती, म्हणून सहावीच्या मुलांना गप्प बसवायला विलासला वर्गात पाठवलं, आणि त्याने गोष्ट सांगितली. ती मुलं शाळा सुटली तरी उठेनात. तेव्हापासून शनिवारचा मूल्यशिक्षणाचा तास त्याचाच झाला. आधी नुसत्या गोष्टी होत्या. मग गोष्टींत येशू आला. तोवर मला काही वाटलं नाही, गोष्टीच त्या. मग गाणं आलं. मग प्रत्येकाच्या हातात एक रंगीत पुस्तिका आली, आणि तासाच्या शेवटी "डोळे मिटा आणि खऱ्या मनाने मागा, तो ऐकतो" हे सुरू झालं. मंडळीतल्या पाळकांना, तिथल्या धर्मगुरूंना, त्याचं फार कौतुक होतं. एवढी मुलं एका जागी, आणि ऐकणारी.

मी त्याला शिक्षकांच्या खोलीत गाठलं. "विलास, तू गोष्टी सांगतोयस की भरती करतोयस?"

तो चिडला नाही, पण दुखावला. "माझी दारू सुटली गं. मी मेलो असतो. ज्याने वाचवलं त्याचं नाव लपवू?"

"लपवू नको ना. मला सांग, चाळीत सांग, स्टेशनवर उभा राहून सांग. ज्याला ऐकायचं तो थांबेल. ही पोरं कुठे जाणार? तू त्यांच्यासाठी सर आहेस. सर म्हणाले डोळे मिटा, की मिटणार."

"तुझ्या आजोबांना नव्हतं कुणी सांगितलं? त्यांनीपण ऐकूनच धर्म बदलला ना?"

"ऐकूनच. पण आजोबांना नाही म्हणता येत होतं, विलास."

त्याने टेबलावरच्या पुस्तिका नीट रचल्या. मग म्हणाला, "आणि गुरुवारी ते मंडळवाले येतात, स्तोत्रं पाठ करून घेतात, ते चालतं तुम्हाला?" ते खरंच होतं. एक हिंदू मंडळ दर गुरुवारी येई, संस्कृत स्तोत्रांच्या पाठांतराच्या स्पर्धा घेई, बक्षिसं वाटी. एका वर्षी पहिलं बक्षीस एका मुसलमान मुलाला मिळालं आणि टाळ्यांच्या गजरात त्याची आई मागच्या भिंतीला टेकून, कुणाकडेही न बघता उभी होती. मी त्याबद्दलही मुख्याध्यापकांशी भांडले होते. "मॅडम, चांगलंच शिकतायत ना मुलं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर, गुरुवारलाही आणि शनिवारलाही. मी विलासला म्हटलं, की मला दोन्ही तास नकोत. तो म्हणाला, "तू बघच, एकाचं तरी भलं होईल." आणि पुढच्या शनिवारी तो आला, पुस्तिका घेऊन.

सहावीत अंकिता नावाची मुलगी होती. दोन वेण्या, बोलणं कमी, अक्षर सुंदर. वडील रिक्षा चालवायचे, विक्रोळी पार्कसाइटच्या टेकडीवर घर. तिची आई आजारी होती, मूत्रपिंडांचा आजार, आणि त्या पावसाळ्यात ती इस्पितळातच होती. विलासला हे कळलं तेव्हा त्याने पूर्ण वर्गाला अंकिताच्या आईसाठी प्रार्थना करायला लावली. तिला जवळ बोलावून म्हणाला, "घरीपण कर. रोज कर. खऱ्या मनाने मागितलं की तो देतोच." त्याचा स्वतःचा अनुभव होता तो, खोटं काही बोलत नव्हता. मुलगी मधल्या सुट्टीतही बाकावर डोळे मिटून बसलेली दिसायची. तिची खिचडी थंड व्हायची.

आई वारली. अंकिता बरेच दिवस आली नाही. आली ती एका शनिवारी. विलासने तास नेहमीसारखा घेतला, पण मागायला लावलं नाही, हे मी दारातून पाहिलं. तास सुटल्यावर ती त्याच्यामागे वरांड्यात आली. मी तिथेच होते. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, माझं मन खरं नव्हतं का?"

विलासने वाकून विचारलं, "काय गं?"

"मी एकदा मधेच डोळे उघडले होते. पप्पा आले का बघायला. त्याच्यामुळे झालं का?"

विलास तसाच वाकलेला राहिला. एवढा बोलका माणूस... ती थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, मग दप्तर सावरून निघून गेली. त्यानंतर तो टाकीजवळच्या त्या पायऱ्यांवर बसला, आणि शाळा रिकामी झाली तरी उठला नाही. मी शेजारी जाऊन बसले. तो म्हणाला, "मला काय ठाऊक होतं, सुनंदा? मला माझं ठाऊक होतं फक्त. आणि मी जगाचं ठाऊक असल्यासारखा बोललो."

त्याच संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. मला म्हणाला, चल सोबत, मला एकट्याला जमणार नाही. टेकडीवरची ती अरुंद चढण चढताना तो दोनदा थांबला. घरात अंकिताचे वडील भाजी चिरत होते. विलास उंबऱ्यातच खाली बसला आणि सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. मग अंकिताकडे वळून म्हणाला, "बाळा, तू डोळे उघडलेस म्हणून काही नाही झालं. आई आजारी होती, आजारपणात गेली. तू काहीच चुकीचं केलं नाहीस. चुकलो मी. जे मला माहीत नव्हतं ते मी तुला सांगितलं." अंकिता खाली बघत राहिली. वडिलांनी चिरलेली भाजी ताटात सारली. मग म्हणाले, "रोज भिंतीकडे तोंड करून बसायची. मला वाटलं, बसू दे, तेवढाच जीव शांत राहतो पोरीचा." विळी बाजूला सारून ते उठले. "तुमच्यावर राग नाही साहेब. पण आता परत येऊ नका."

आम्ही उतरलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर अंकिताचं नाव पटावरून कमी झालं. वडिलांनी तिला आजीकडे गावाला पाठवलं होतं. तिने विलासचं म्हणणं मानलं की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. विलास भेटला की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारायचा, "त्या पोरीचं काही कळलं?" मी नाही म्हणायचे. मग तो विषय बदलायचा. शेवटच्या भेटीतही त्याने विचारलं होतं.

शनिवारचा तास त्याने आम्ही अंकिताच्या घरी गेलो त्या दिवसापासून सोडला. मंडळीतही उभा राहून म्हणाला, की मोठ्यांना सांगा, पाहिजे तेवढं सांगा, पण शाळेत जाऊन पोरांना सांगू नका. ते पाळकांना आवडलं नाही. त्याची श्रद्धा कमी झाली असा अर्थ काढला गेला आणि गाणी म्हणायला पुढे उभं करणं बंद झालं. श्रद्धा कमी झाली नव्हती. तो रविवार चुकवत नसे, फक्त शेवटच्या रांगेत बसायचा. आणि गंमत अशी, की तास सोडल्यावर जवळजवळ वर्षाने कुणाला तरी त्या पुस्तिका सापडल्या आणि तक्रार झाली. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं की आपण या गृहस्थांना ओळखत नाही. त्यांच्या डोक्यावर विलासने दुरुस्त केलेला पंखा फिरत होता. मी लेखी दिलं की ओळखते, तो यायचा, आणि स्वतःहून थांबला. गुरुवारचंही त्यातच लिहिलं. त्याचं पुढे काही झालं नाही. पण वस्तीतली काही पोरं विलासच्या दारावर घोषणा देत आली. तो कामावर होता. काकी बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरात माझे देव आसत, येवन बघा. माझो झील विलास त्येंका कधी एक शबूद बोलूक नाय. तुमी माझ्या दारात केवढे वराडतास!" पोरं चपापली. एकाने तर आजी, पाणी देता का, असं विचारलं म्हणे. विलासला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "माझ्यामुळे म्हातारीला दारात उभं राहावं लागलं."

दफनाच्या दिवशी काकींना घेऊन मी गेले होते. त्यांनी पाळकांना एकच विचारलं, "तुमच्यात फुलां घालतत मां?" ते हो म्हणाले. काकींनी पिशवीतून अबोलीचा गजरा काढला आणि शवपेटीवर ठेवला, तशाच हात जोडून उभ्या राहिल्या. मंडळी गात होती. मला ते गाणं येत नव्हतं, काकींनाही नाही. शेवटच्या रांगेत बसणाऱ्या माणसासाठी बरीच माणसं आली होती. माती टाकताना काकींचा तोल गेला तेव्हा पाळकांनीच त्यांना धरलं.

आता चाळीच्या जागी उंच इमारत आहे, आणि सातव्या मजल्यावर काकी एकट्या राहतात. मी शाळेत जाण्यापूर्वी त्यांच्याकडे डोकावते. दफनानंतर पहिल्यांदा गेले त्या सकाळी देव्हाऱ्यातले देव कोरडे, फुलांवाचून. मी विचारलं तेव्हा काकींनी सांगितलं की फुलं विलास आणायचा. पहाटे फिरायला जाऊन येताना जास्वंदी, तगर, जे मिळेल ते रुमालात बांधून. देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, बाजूच्या स्टुलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "देव तुझे, फुलं माझी." आम्ही अंकिताच्या घरी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे सुरू होतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, इतक्या वर्षांत तो एका शब्दाने बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी जास्वंदीची चार फुलं घेऊन गेले आणि दारातच घुटमळले. काकी माझ्याकडे बघत होत्या.

"तू देव मानस नाय मां गो?" त्यांनी विचारलं.

"नाही, काकी."

"तो तरी खय मानी होतो?" त्या म्हणाल्या, आणि स्टुलावरची पाण्याची लोटी उचलून जागा मोकळी केली. "ठेव थय."