शंभर माणसांचा आचारी

ऑर्व्हिल टेसडालला सहा माणसांचा स्वयंपाक येत नव्हता. शंभरांचा सांगा, दोनशेंचा सांगा, डोळे झाकून करील. इटलीतल्या चिखलात तंबू ठोकून त्यानं आपल्या अख्ख्या तुकडीला गरम जेवण वाढलं होतं. पण सैन्याच्या पाककृतींच्या पुस्तकात पानोपानी माप एकच, शंभर जणांचं, आणि चार वर्षांत ते त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी बायकोनं, इनेझनं, त्याला हौसेनं चुलीपुढे जाऊ दिलं. त्या दिवशीच्या बीन्स दोघांनी गुरुवारपर्यंत खाल्ल्या.

आणि या माणसानं शिकायला निवडलं काय, तर गृहविज्ञान! सत्तेचाळीस साली आयोवातल्या आमच्या विद्यापीठात निम्मे विद्यार्थी महायुद्धात लढून आलेले. परतलेल्या सैनिकांसाठी केलेल्या जीआय बिल या कायद्यामुळे फी सरकार भरायचं, पुस्तकं द्यायचं, वर घर चालवायला दरमहा काहीतरी हातावर ठेवायचं. सगळे इंजिनीअर व्हायला धावले. ऑर्व्हिलला मात्र मोठ्या इस्पितळाचं स्वयंपाकघर चालवायचं होतं आणि त्या नोकरीला पदवी लागे. आठवीत सुटलेली शाळा त्यानं सैन्यातून आल्यावर एका परीक्षेत भरून काढली आणि तेहेतिसाव्या वर्षी अठरा-अठरा वर्षांच्या चाळीस पोरींमध्ये जाऊन बसला.

पहिल्याच तासाला मिस पेनिमन वर्गात आल्या तसा हा ताडकन उठला, टाचा जुळवल्या आणि गरजला, "हजर, सर!" बाईंच्या हातातला खडू पडला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पोरी टाचा जुळवून उभ्या राहू लागल्या.

"सार्जंट, माझा केक खाली बसलाय. त्याला जरा उभं राहायचा हुकूम द्या ना!" एखादी ओरडायची, आणि ऑर्व्हिल कानापर्यंत लाल व्हायचा. मनातून त्याला ते सगळं भारी आवडत होतं.

वसंतात प्रात्यक्षिक परीक्षा आली: सहा जणांचं घरगुती जेवण, बीफ स्ट्यू. कागदावर त्याचा भागाकार चोख होता. पण पातेल्याच्या तळाशी ते एवढंसं मांस पाहून त्याला आपण कुणाच्या तरी तोंडचा घास काढतोय असं वाटलं. त्यानं आणखी टाकलं. मग त्याला पुरेल असं मीठ, पसाभर. मिस पेनिमननी एक चमचा घेतला आणि दोन ग्लास पाणी प्यायल्या.

"मिस्टर टेसडाल, हे जेवण माणसांचं आहे की घोड्यांचं?"

नापास. दोन आठवड्यांनी पुन्हा संधी होती. तीही हुकली तर विभागातून नाव कटणार, सरकारची मदत थांबणार, आणि विद्यार्थ्यांसाठीचं पत्र्याचं अर्धगोल घरही सोडावं लागणार.

तो दिवसभर टेबलाशी शंभराला सहानं झोडपत बसला. शेवटी इनेझनं पेन्सिलच काढून घेतली.

"पुरे झाले ते भागाकार. जेवणार कोण आहेत?"

"सहा जण."

"नावं सांग."

"नावं कशाला? सहा म्हणजे सहा!"

"अरे, तुझ्यापुढे रांग यायची. इथे माणसं जेवायला बसतात. चेहरे बघायचास की नाही कधी?"

ऑर्व्हिलनं आकडेमोडीचा कागद पालथा घातला.

"आधी बघायचो," तो म्हणाला. "मग इटलीतल्या त्या हिवाळ्यात डोंगरावर एक दिवस एकसष्टच जण आले. मी शंभरांचं शिजवलं होतं. त्यानंतर मी नुसता पळीकडे बघायला लागलो. आणि इनेझ, माप मी कधीच कमी केलं नाही. मला ते करवलंच नाही गं."

इनेझनं त्याचा हात धरला. हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मग आता कमी करू नकोस. कोण येणार ते विचार आणि त्यांच्यापुरतं कर."

दुसऱ्या दिवशी तो मिस पेनिमनच्या दारात उभा. "जेवायला कोण कोण येणार, सर? म्हणजे, बाई?"

"वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली. एक त्या स्वतः, त्यांचं मीठ डॉक्टरांनी बंद केलेलं. कचेरीतले म्हातारे डफी, कवळी सैल. ग्रंथपालबाईंना कांदा चालत नाही. डीनसाहेबांना सगळंच चालतं, फार चालतं. आणि वर्गातल्या दोन पोरी, सदा भुकेल्या.

या खेपेला त्यानं काही भागलं नाही. डफींसाठी मांस आणखी तासभर शिजू दिलं. ग्रंथपालबाईंचं वेगळ्या पातेल्यात. मीठ बेतानं, वरून घ्यायला टेबलावर. आणि डीनसाहेबांना आठवून चार बटाटे जास्त.

डफींनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. मिस पेनिमननी पाणी मागितलंच नाही. "पास," त्या म्हणाल्या, आणि दाराला कान लावून बसलेल्या पोरी धडाधड आत पडल्या. एकीनं तर "सार्जंऽऽट!" म्हणत त्याच्या गळ्यातच उडी घेतली.

पत्र्याच्या घरांची ती अख्खी वसाहत इनेझच्या मागे लागली, आता आम्हालाही जेवण पाहिजे! तिनं बोटांवर हिशेब केला. वसाहतीतली लहानथोर ब्याण्णव, परीक्षेचे पाहुणे सहा, आणि ती दोघं स्वतः: बरोबर शंभर.

"एकदाचा शहाणा आकडा आला!" ऑर्व्हिल म्हणाला आणि चर्चमधली मोठी पातेली आणायला पळाला. पण त्याआधी वही घेऊन घरोघर फिरला: कुणाला कांदा नको, कुणाच्या पोराला गाजर बघवत नाही, कुणाचं पोट नाजूक.

शनिवारी दुपारी गवतावर रांग लागली. ऑर्व्हिल पळी घेऊन उभा राहिला, आणि या वेळी त्यानं मान वर केली. एकेकाचं नाव घेऊन तो वाढत गेला. डफींना मऊ तुकडे, मिस पेनिमनना अळणी, गाजराच्या वैऱ्याला नुसते बटाटे. तो ओठांतल्या ओठांत मोजतोय हे एकट्या इनेझला कळलं. सगळ्यांच्या शेवटी ती ताटली घेऊन आली.

"नव्याण्णव," तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंड हसत होतं.

इनेझनं त्याच्या हातातली पळी घेतली, दुसरी ताटली भरली आणि त्याच्यापुढे धरली.

"हा घे शंभरावा. सगळे आले रे, ऑर्व्ह. बस आता, जेव."