नादारीचा पाहुणचार

मॅट्रिकच्या वर्षी मी एकाच विषयात नापास झालो, आणि तो विषय म्हणजे गरिबी.

विषय तसा माझ्या हातचा होता. माझे वडील, म्हणजे अण्णा, रत्नागिरीच्या बंदरावर एका वखारीत कारकून. घरात खाणारी तोंडं सात, त्यांतलं एक माझं (आई ते दोन धरायची). अण्णांचा पगार वीस तारखेपर्यंत कसाबसा टिकायचा आणि पुढचे दहा दिवस आम्ही फणसावर काढायचो. फणस संपले की आठळ्यांवर. इतका पक्का अभ्यास असलेला मुलगा नापास झाला, तेव्हा दोष कुणाचा हे तुम्हीच ठरवा.

आधी आमच्या शाळेबद्दल सांगायला हवं. शाळा म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे एक इमारत येते. आमची शाळा तीन ठिकाणी होती. मुख्य इमारत वर सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर. तिथे मॅट्रिकचा वर्ग मावेना म्हणून तो खाली बंदराजवळ मिठाच्या जुन्या कोठारात भरायचा. संस्कृतचा तास देवळाच्या ओवरीत, कारण शास्त्रीबुवा घाटी चढायला तयार नव्हते. वर आणि खाली यांच्यामध्ये जांभ्या दगडाच्या दीडशे पायऱ्यांची घाटी. फी घेणारी खिडकी वर, आणि फीचा कागद लिहून देणारा कारकून खाली. कागद घेऊन वर पोचावं तर खिडकी बंद, खाली यावं तर कारकून जेवायला गेलेला. घंटा मात्र एकच, तीही वर. ती खाली ऐकू यायची नाही आणि उशीर झाला की दंड व्हायचा. परीक्षा घेणारी युनिव्हर्सिटी मुंबईला बसलेली. तिने आमची घाटी जन्मात पाहिली नव्हती, तरी तिच्या एका फॉर्मावर तीन सह्या लागत आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या उंचीवर मिळत. मॅट्रिक होईपर्यंत आमच्या वर्गाची बुद्धी बेताचीच राहिली, पण पोटऱ्या पैलवानांच्या झाल्या.

आमचं घर या घाटीच्या बरोबर मध्यावर होतं, हे लक्षात असू द्या. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

त्या जूनमध्ये शाळेने फी वाढवली. अण्णांनी जेवताना शांतपणे सांगितलं, "यंदा नादारी मिळाली तर मॅट्रिक. नाही मिळाली तर नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीने मुंबई. मामाने कापडाच्या दुकानात शब्द टाकून ठेवलाय." पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणून माझं शिक्षण तेवढ्यापुरतं वाचलं होतं. मला मॅट्रिक व्हायचं होतं. गजाने कापड मोजत आयुष्य काढायचं नव्हतं.

नादारी म्हणजे फी माफ. वर्गात तिच्या जागा दोन. पूर्वी नुसत्या अर्जावर मिळायची, पण अर्जात सगळेच गरीब निघतात असं कमिटीच्या ध्यानात आलं. म्हणून त्या वर्षीपासून पाध्ये मास्तरांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन गरिबी डोळ्यांनी बघून यायची, असा ठराव झाला. पाध्ये मास्तर आम्हाला गणित शिकवायचे. देहाने ऐसपैस, दम्याचा विकार, आणि खाण्यावर प्रेम.

मी जय्यत तयारी केली. रविवारी सकाळी आई विहिरीवर गेल्याचं बघून घरातली तांब्यापितळेची सगळी भांडी उचलून शेजारच्या दौलतकाकांच्या पडवीत नेऊन ठेवली. दौलतकाका तांडेल. त्यांचं गलबत पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेलं, त्यामुळे ते चार महिने घरीच. पाठोपाठ झोपाळ्याची फळी उतरवली. भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर काढली (लक्ष्मी दिसून चालणार नव्हतं). ओटीवर एक फाटकी चटई तेवढी ठेवली. घर इतकं गरीब दिसायला लागलं की माझं मलाच भरून आलं. मग मी मास्तरांना आणायला खाली बंदरावर गेलो.

मास्तर प्रत्येक दहाव्या पायरीवर थांबत होते. "काय रे, अजून किती?" असं विचारत होते, आणि मी मनात म्हणत होतो, दमू देत. दमलेला माणूस दयाळू होतो. आमच्या अंगणात पोचेपर्यंत त्यांच्या तोंडातून शब्द फुटेनासा झाला. माझाही फुटेना, पण त्याचं कारण निराळं होतं.

ओटीवर चार शिसवी खुर्च्या मांडलेल्या होत्या. मधल्या मेजावर भरतकामाचं फडकं आणि वर पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. भिंतीवर टोले देणारं घड्याळ. लक्ष्मी जागच्या जागी आणि तिला ताजा हार. आमची भांडी तर परत आलेलीच होती, पण त्यांच्या जोडीला चांदीचं तबक, अत्तरदाणी आणि आमच्या सात पिढ्यांनी न पाहिलेले निळ्या नक्षीचे चिनी पेले. अण्णा एका खुर्चीच्या कडेला धुतलेलं धोतर नेसून, खुर्ची मोडेल या भीतीने अर्धवट उभेच होते.

झालं होतं ते असं. आई विहिरीवरून आली आणि तिला घर उघडंबोडकं दिसलं. तिने धाकट्या चिमीला दौलतकाकांकडे पिटाळलं. दौलतकाका स्वतः आले. "वयनी, घाबरू नुको," ते म्हणाले, "तुमच्याकडं पावनं म्हंजे वाडीचं पावनं." मग वीस वर्षं दर्यावर फिरून त्यांनी जे जे म्हणून जमवलं होतं ते त्यांच्या तीन खलाशांनी भर पावसात इरल्याखाली झाकून आमच्या ओटीवर आणून मांडलं.

मी आईला माजघरात गाठलं. "आई, मास्तर आपली गरिबी बघायला आलेत."

"ठाऊक आहे मला."

"मग हे काय मांडून ठेवलंयस?"

"मेल्या, बघायला आले म्हणून काय उघडं पडायचं? दारात आला तो पाहुणा. गरिबी काय, ती उद्याही आहेच." एवढं बोलून तिने तव्यावरचं घावन उलटलं.

मास्तरांना आधी शहाळं दिलं. मग घावन आणि नारळाचा रस. मग फणसाचे गरे, मग भाजलेले काजू (हेही दौलतकाकांचेच). मास्तरांचा दम कमी होत गेला आणि भूक वाढत गेली. सातवं घावन संपताना त्यांना आपण कशाला आलो ते आठवलं. त्यांनी कागद काढून पेन्सिल जिभेला लावली आणि अण्णांना विचारलं, "पगारात भागतं ना तुमचं?"

आता अण्णांनी फक्त नाही म्हणायचं होतं. आदल्या दिवशी मी ते त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चांदीच्या तबकाकडे बघितलं आणि माजघराच्या दाराआडून येणाऱ्या बांगड्यांचा आवाज ऐकला. "देवाच्या दयेने काही कमी नाही," ते म्हणाले.

"सर," मी मध्ये तोंड घातलं, "या खुर्च्या..."

"बसायला थोड्या टणक आहेत, खरंय," अण्णा म्हणाले. "नव्या सांगितल्यात."

अण्णा आयुष्यात एवढं मोठं पहिल्यांदाच खोटं बोलले असतील. पण एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना त्यात गोडी वाटायला लागली असावी. त्यांनी आपण होऊन ग्रामोफोनला किल्ली दिली. कुणा बुवांची लांबलचक तान सुरू झाली आणि मास्तर डोळे मिटून मांडीवर ताल धरू लागले. जाताना आईने त्यांच्या हातात नारळ आणि आंब्याची चार साठं दिली. आमच्या घरातला तो शेवटचा नारळ होता, म्हणून रात्री आमटी तशीच झाली.

मास्तरांचा शेरा मी पुढे स्वतः वाचला. "खाऊनपिऊन सुखी कुटुंब. गायनाची आवड. नादारीस अपात्र."

पहिली नादारी मधूला मिळाली. मधू हा गावातल्या बड्या वकिलांचा मुलगा. मास्तर गेले त्या दिवशी वकीलसाहेबांनी घोडागाडी पक्षकाराच्या घरी लावली होती, फाटका पंचा नेसून ते पायरीवर बसले होते आणि मास्तरांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. "अडचण फार आहे हो," एवढं एकच वाक्य ते तीनदा बोलले. पुरावा कसा उभा करायचा हे त्या माणसाला कळत होतं. नादारी मिळाल्याच्या आनंदात मधूने सगळ्या वर्गाला पेढे वाटले. मीही एक खाल्ला. चांगला होता, त्याचाच जास्त राग आला.

दुसरी जागा मात्र रिकामीच राहिली. वर्गातल्या बाकीच्या गरिबांच्या घरीही मास्तर पोटभर जेवूनच आले होते.

मी घरी आठ दिवस धुमसत होतो. आईशी बोलायचं टाकलं. अण्णांना म्हटलं, "तुमच्या अब्रूपायी माझं आयुष्य मातीत गेलं."  अण्णा ग्रामोफोन नेलेल्या रिकाम्या जागेकडे बघत बसले, आणि मला त्यांची दया आली नाही. खोट्या मानापायी माणसं कशी बुडतात यावर मी चिमीला रोज संध्याकाळी व्याख्यान द्यायचो. ती बिचारी आठळ्या सोलत ऐकायची.

तेवढ्यात नशीब फिरलं. पाध्ये मास्तर घाटी चढताना आमच्या घराशी थांबायला लागले होते. वर मुख्य इमारत आणि खाली मिठाचं कोठार, असा त्यांचा रोजचा फेरा. मध्येच आमची ओटी. एक दिवस ते टेकले ते नुसत्या चटईवर. घरात आई नव्हती, चिमी होती. "खुर्च्या कुठे गेल्या गो?" मास्तरांनी विचारलं. चिमीने खरं काय ते सांगून टाकलं. माझी व्याख्यानं अगदीच फुकट गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात आले, हजेरी घेतली आणि मला उभं केलं. माणूस मनाने चांगला होता, फक्त जागा चुकली. चाळीस मुलांसमोर ते म्हणाले, "तो ग्रामोफोन, चांदीची भांडी, खुर्च्या, हे सगळं शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं होतं असं कळलं. खरं का? नुसतं हो म्हण. एक जागा शिल्लक आहे. आज कागदावर सही करतो."

 पहिल्या बाकावरचा मधू मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या अंगात नवा कोट होता. मला एकच शब्द बोलायचा होता, आणि असाच एक शब्द अण्णांनी का म्हटला नाही म्हणून मी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं.

"छे, सर," मी म्हणालो. "आमचंच आहे ते. पॉलिशला दिलंय." आणि लगेच पुढे म्हणालो, "आणखी एक ग्रामोफोन आत आहे. तो आम्ही काढत नाही."

 मास्तरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि फळ्यावर त्रिकोण काढला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा पहिल्यांदाच मोठ्याने हसले. आईने माझ्या पानात तिसरं घावन वाढलं.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या. दौलतकाकांनी स्वतः पडावातून मला आगबोटीपर्यंत सोडलं. डेकवर ट्रंकेवर बसून गाव दिसेनासं होईपर्यंत मी रडलो. शेजारी राजापूरचा एक म्हातारा बसला होता. त्याला माझी कीव आली. त्याने पदरची भाकरी मोडून अर्धी पुढे केली आणि विचारलं, "काय रे बाळा, नोकरीला चाललास काय?"

"छे हो," मी डोळे पुसत म्हणालो, "हवापालट."